एउसेबिओला पलीकडे न्यायचं होतं

एउसेबिओ बारागानने हार्लन वेल्स गावच्या रुळांवर उभा जन्म काढला. मोहावेच्या वाळवंटातल्या उन्हात त्याने रुळांखालचे स्लीपर बदलले, पुढे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीचा मुकादम झाला. रेल्वे कंपनीने टोळी मोडली, स्टेशन पाडलं, माणसं बाड-बिस्तरा बांधून गेली, तरी तो हलला नाही. ऑगस्टमध्ये एका पहाटे तो झोपेतच गेला. दफनभूमी रुळांच्या पलीकडे, आणि गावच्या एकुलत्या एका फाटकावर आदल्या दिवसापासून लांबलचक मालगाडी आडवी उभी.

त्याच्या थोरल्या मुलाने, लासारोने, कंपनीला फोन केला आणि तोंड पाडून आला.

"सिग्नल मिळाल्याशिवाय गाडी हलणार नाही म्हणे. कधी मिळेल ते त्यांनाही ठाऊक नाही. दुसऱ्या गावात पुरा म्हणाले, आई."

"दुसऱ्या गावात?" रेमेदिओस ताडकन उठली. "तिथं तुझ्या बापाच्या ओळखीचं कोण आहे?"

धाकटा चुय म्हणाला, "दोन डब्यांच्या मधून, जोडणीवरून पेटी पलीकडे देऊ. पण मध्येच गाडीला हिसका बसला तर कुणाचा तरी पाय जाईल."

"गाडी हलणार नाही," रेमेदिओस म्हणाली. "इंजिनापुढे मी बसते."

"तू? त्यापेक्षा मी बसतो," लासारो म्हणाला.

"तुला दंडाला धरून ओढतील. मला हात लावायला लाजतील. आणि पेटी उचलायला तुमचे खांदे लागणार आहेत, माझे नाही."

"अगं, पण मग तुला बाबांना माती द्यायला..."

"कळतंय मला," ती म्हणाली. पेटीपाशी जाऊन तिने नवऱ्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली आणि स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली.

बंद पडलेल्या पेट्रोल पंपाचा म्हातारा मालक ऑर्विल टॅकेट एउसेबिओशी रोज डॉमिनो खेळायचा आणि रोज भांडायचा. त्याने तिला आपल्या ट्रकमधून इंजिनापर्यंत सोडलं.

"या माणसाला जन्मात कधी वेळेवर निघता आलं नाही," तो डोळे पुसत पुटपुटला.

"पेटी आणि माणसं सगळी पार झाली, की ट्रकचा हॉर्न वाजव," रेमेदिओस म्हणाली. "तोवर मी उठायची नाही."

तिने रुळांच्या मधोमध खुर्ची मांडली, काळा स्कार्फ डोक्यावर ओढला आणि बसली. तरणा ड्रायव्हर धावत खाली उतरला.

"बाई, वेड लागलंय का तुम्हाला? उठा आधी!"

"नवऱ्याला पलीकडे नेताहेत. झालं की उठते."

"सिग्नल मिळाला तर मला निघावं लागेल!"

"निघ की. मी कुठं तुझा हात धरलाय?"

ड्रायव्हरने कपाळावर हात मारला. इंजिनाची धग तिच्या तोंडावर येत होती. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला. ड्रायव्हरच्या कमरेच्या रेडिओवरून कुणीतरी ओरडायला लागलं, गाडी का निघत नाही म्हणून.

"रुळांवर अडथळा आहे," ड्रायव्हर रेडिओत म्हणाला.

"कसला अडथळा?"

त्याने रेमेदिओसकडे पाहिलं. "हलणारा नाही, साहेब."

रेडिओवर नोकरी घालवण्याच्या धमक्या सुरू झाल्या. त्याने आवाज बारीक केला आणि स्वतःची पाण्याची बाटली तिला आणून दिली. ती घटाघटा प्यायली.

"काय करायचे ते?" त्याने विचारलं.

"याच रुळांवर मुकादम होता. आणि तुझ्यासारखा घाबरट नव्हता."

ड्रायव्हर हसला, मग ओशाळला. दूरवर हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. रेमेदिओस उठली, खुर्ची घेऊन बाजूला झाली. "जा आता," ती म्हणाली.

गाडी निघाली. एकामागून एक डबे तिच्या आणि नवऱ्याच्या मधून सरकत राहिले. शेवटचा डबा जाईपर्यंत ती वाळूत तशीच उभी होती. खुर्ची ओढत दफनभूमीवर पोचली, तेव्हा लासारो शेवटची माती सारखी करत होता. आईला पाहून त्याला रडू फुटलं.

"फावडं दे इकडे," ती म्हणाली. तिने आपल्या हाताने माती लोटली. बराच वेळ लोटत राहिली, कुणी अडवलं नाही.

संध्याकाळी शेरीफचा माणूस दारात आला. गाडी अडवल्याबद्दल कंपनीची तक्रार होती.

"पुन्हा असं करणार नाही, एवढं कबूल करा, बाई. मी परत जातो."

रेमेदिओसने त्याला बसायला तीच खुर्ची दिली, पुढ्यात बीन्सची थाळी ठेवली.

"फाटकावर पुन्हा गाडी उभी करणार नाही, असं त्यांच्याकडून कबूल करून आण," ती म्हणाली. "मग माझं विचार. खा, निवतंय."