गेटखोलीतला दिवा

लोणावळ्याच्या वरच्या अंगाला धरण झालं, तेव्हा त्याच्या भिंतीत पाणी सोडायची एक गेटखोली बांधली. तिथं ऊन कधी शिरत नसे, म्हणून दिवसरात्र विजेचा दिवा जळायचा. त्यातली तार कोळशाची, जाड. दिवा वीज खायचा बकासुरासारखा आणि उजेड द्यायचा राखेतल्या निखाऱ्याएवढा.

या खोलीच्या शेवाळलेल्या पायरीवरून कामावरचा हौशीराम घसरला आणि जागच्या जागी गेला. माणूस जिथं जातो तिथं दहा दिवस दिवा ठेवायची रीत. त्याची बायको झुंबरबाई पणती घेऊन आली, वर बघितलं आणि म्हणाली, "हितं तर दिवा हायेच की. ह्योच त्येंचा." भावकीतल्या शहाण्यांनी माना डोलावल्या. पण दहाव्याला तो दिवा उचलून ओढ्याला सोडायचा असतो, हे कुणाच्या टाळक्यात आलं नाही. आलं असतं तरी पणती उचलता येते. साहेबाच्या विजेला हात कोण लावणार? दिवा तसाच राहिला, आणि हौशीरामही राहिला.

झुंबरबाई रोज दिवेलागणीला भाकरी घेऊन यायची. त्या लालसर उजेडात तो दाराजवळच्या कोपऱ्यात पाठमोरा उभा असे, धोतर पिंडऱ्यांना ओलं चिकटलेलं. तो बोलत नसे. ती मात्र शेळी व्यायल्यापासून कौलं गळण्यापर्यंत सगळं त्याच्या कानावर घालायची. गावानं तिला केव्हाच वेडी ठरवून टाकलं होतं. गावाला तेवढंच काम.

तिचा धाकटा दीर रखमाजी भावाच्या जागी कामाला लागला होता. तो वहिनीला वेडी म्हणत नसे. त्याला दिसत काही नव्हतं, पण ऐकू येई. दाराच्या आतल्या बाजूला कुणीतरी पाय घासत असे. शिवाय असले दिवे वर्षभरात तार तुटून जात. हा सहा वर्षं झाली तरी गेला नव्हता. रखमाजीच्या मते हे काही बरं लक्षण नव्हतं.

मग हुकूम आला, जुने दिवे काढा. नवे बारीक तारेचे दिवे निम्म्या विजेत दुप्पट उजेड देत होते. साऱ्या धरणावर ते लागले. गेटखोलीचा रखमाजीनं मुद्दाम शेवटी ठेवला, आणि झुंबरबाई भाकरी घेऊन यायची वाट बघत दाराशी थांबला.

"वैनी, उद्या सायेब बघाय येनार. ह्यो आजच काढाय पायजे."

"ह्यो ऱ्हाऊ द्या, भावजी. ह्यो गेला तर त्ये कुटं उभं ऱ्हातील?"

"उभंच का ऱ्हावं त्येनं? दादा रोज दाराशी पाय घासतोय. मला ऐकू येतंय."

झुंबरबाई चिडली. नवरा तिचा होता, मेला तरी तिचाच. "माज्यासाटनं थांबल्यात त्ये," ती म्हणाली.

"मग आंधारात बी थांबतील," रखमाजी म्हणाला आणि त्यानं भिंतीवरचा खटका दाखवला. "दिवा तुमी ठेवला, उचलायचा बी तुमीच. मी हात लावनार न्हाई."

ते अंधारातही थांबतील, अशी तिला खात्री होती. तिनं भाकरी पायरीवर ठेवली आणि खटका खाली ओढला.

कोळशाची तार एकदम विझत नाही; लाली जरा रेंगाळते. तेवढ्यात तिनं बघितलं, तर हौशीराम दाराकडं तोंड करून उभा होता. आजवर तो तसाच उभा असायचा; रुसलाय, असं ती समजत आली होती. तो निघाला. पाळी संपून उशीर झालेला माणूस निघतो तसा घाईघाईनं, तिच्या अंगावरून. तिच्या कोपराला गार ओल लागली. मग तार काळी पडली आणि पाय घासल्याचा आवाजही थांबला.

रखमाजीनं चाचपडत नवा दिवा बसवला. पांढऱ्या उजेडात पायरीवरचं शेवाळसुद्धा दिसू लागलं.

"भावजी, त्येंनी मागं वळून बगितलं न्हाई," ती म्हणाली.

"मसनातनं निगताना मागं बगत न्हाईत, वैनी."

त्याला सहा वर्षं त्या खोलीच्या मसणात कुणी डांबून ठेवलं होतं, हे मग तिला उमगलं. ती पायरीवर बसली आणि नवऱ्यासाठी रडली. आजवर ती स्वतःसाठीच रडत आली होती.