नाचणकरांची खूण

दशरथ नाचणकरांचा देवावर विश्वास होता, पण देवळाबाहेर चपला काढताना ते एक चप्पल या टोकाला ठेवायचे आणि दुसरी त्या टोकाला. तीस वर्षं कुर्ल्याच्या एका कारखान्यात त्यांनी स्टोअरकीपरची नोकरी केली. कारखाना बंद पडला, बिऱ्हाड मीरा रोडला आलं, पण स्वभाव काही बदलला नाही. येताना त्यांनी अक्षरं ठोकायचा एक पोलादी पंच आणला होता, इंग्रजी डी अक्षराचा. घरातली कढई, नट आवळायचे पाने, गॅसची शेगडी, गच्चीवरच्या मीटिंगला न्यायची लोखंडी खुर्ची, सगळ्यावर त्यांनी डी ठोकला. "आता मी तेवढी राहिलेय," त्यांच्या पत्नी नीलिमाबाई म्हणायच्या.

दोन हजार चार साली त्यांच्या स्कूटरचं इंजिन घोडबंदर रस्त्यावर जाम झालं. ढकलत ढकलत ती नवघरला शिवाच्या गॅरेजात आली. शिवा म्हणाला, "काका, इंजिन पूर्ण खोलावं लागेल." झालं! नाचणकरांनी स्कूटरचं हँडल घट्ट धरलं. सोसायटीतल्या तिघांनी त्यांना सांगितलं होतं, इंजिन खोललं की गॅरेजवाले आतला अस्सल माल काढतात आणि डुप्लिकेट घालतात. त्या तिघांपैकी एकाकडेही स्कूटर नव्हती, पण अशी माहिती द्यायला स्कूटर कुठे लागते?

दुसऱ्या दिवसापासून नाचणकर गॅरेजसमोर स्टूल टाकून बसले.

गॅरेज शिवाचं असलं तरी इंजिनं बांधायचा लवू मिस्त्री. वरसाव्याचा, साठीला टेकलेला, कमी बोलणारा. शिवाला हातात पाना धरायला त्यानेच शिकवलं. पण अलीकडे त्याची नजर कमी झाली होती, आणि शिवाने ते सरळ बोलूनही दाखवलं होतं, तेही नाचणकरांच्या समोर. "मामा, एक इंजिन जरी बिघडलं ना, तर मग तुम्ही ब्रेक आणि पंक्चर बघायचं. इंजिनाला हात लावायचा नाही." लवूने मान हलवली आणि काम चालू ठेवलं. नाचणकरांना त्याची दया वगैरे काही आली नाही. त्यांच्या मनात आलं, अरे वा, म्हणजे माझी स्कूटर या आंधळ्याच्या हाती!

लवूने इंजिन खोललं. इंजिनाचं पोट दोन अर्धुकांचं असतं, गॅरेजात त्यांना चेंबर म्हणतात. ती दोन अर्धुकं नेमकी एकमेकांवर बसावीत म्हणून मध्ये दोन छोट्या पोलादी नळ्या असतात, करंगळीच्या पेराएवढ्या. त्यांना डॉवेल म्हणतात. अर्धी नळी एका चेंबरमध्ये रुतलेली, अर्धी वर आलेली, आणि तीवर दुसरा चेंबर येऊन बसतो. लवूने सगळं रॉकेलने धुतलं, पुसलं, वर्तमानपत्रावर ओळीने मांडलं आणि जेवायला गेला. शिवाही घरी गेला होता.

नाचणकरांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. खिशातून पंच काढला, लवूची हातोडी उचलली. शेजारी ग्रिलवाल्याची ठोकाठोक चालूच होती, त्यात आणखी चार ठोके कोणाला ऐकू येणार? चेंबरवर डी ठोकला. झाकणावर डी ठोकला. मग त्या दोन चकचकीत नळ्यांकडे लक्ष गेलं. एवढीशी वस्तू, हातोहात बदलतील मेले! त्यांनी पंच एकेका नळीच्या काठावर धरला आणि हाणला. काठ इतका बारीक की अर्धाच डी उमटला. चालेल, ओळखायला पुरे.

दोन दिवसांनी लवू इंजिन बांधायला बसला. क्रँक बसवला, पॅकिंग लावलं, वरचा चेंबर ठेवला. तो बसेना. लवूने उचलून पुन्हा ठेवला, लाकडी हातोडीने हलकेच थोपटला. तरी एका बाजूने पोस्टकार्ड जाईल एवढी फट. दुसरा कोणी असता तर त्याने बोल्ट आवळून चेंबर खेचून बसवला असता. लवूने तसं केलं नाही. चेंबर बाजूला ठेवला आणि डॉवेलवरून अंगठा फिरवला.

"तोंड फुगलंय," तो म्हणाला. "कुनीतरी ठोकलाय यास्नी."

नाचणकर स्टुलावरून ताडकन उठले. आला, डाव आला! आता म्हणतील चेंबर गेला, नवा आणा, आणि माझा अस्सल चेंबर जाईल दुसऱ्याच्या गाडीत.

"कोणीतरी म्हणजे कोण?" ते कडाडले. "इंजिन खोललं कोणी? तुम्ही! ठेवलं कोणी? तुम्ही! दिसत नाही तर कशाला दुसऱ्याच्या गाडीची वाट लावता?"

संध्याकाळची वेळ, गॅरेजात सात-आठ गिऱ्हाइकं. ग्रिलवाल्याने वेल्डिंग थांबवलं. समोरच्या पावभाजीवाल्याचा तवासुद्धा गप्प झाला. "ऐसे मिस्त्री लोग को रखते हो तुम!" नाचणकरांनी सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीतही सांगितलं.

शिवा पुढे आला. त्याने डॉवेल पाहिले, लवूकडे पाहिलं. "मामा, काढताना हातोडी लागली का?"

"न्हाय रं." मग लवूने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "लागलीबी आसंल. मना आठवत न्हाय."

"बस झालं मामा. उद्यापासून इंजिन मी बांधणार."

लवूने पाने पुसून डब्यात ठेवले, हात धुतले आणि निघून गेला. शिवाने ते दोन्ही डॉवेल उपसून फेकायला घेतले, तर नाचणकर म्हणाले, "जुना माल मला परत." कारखान्यातली सवय.

घरी जाऊन त्यांनी ते टेबलावर ठेवले. नीलिमाबाई देवापुढे दिवा लावत होत्या. नाचणकरांनी भिंग घेतलं. त्यांना बघायचं होतं, हे आपलेच की बदललेले. खूण होती. दोन्हींवर होती. आणि जिथे खूण होती, नेमकं तिथेच पोलाद बाहेर फुगलं होतं. दुसरीकडे कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"काय झालं?" नीलिमाबाईंनी विचारलं. "चोर सापडला का?"

"सापडला," नाचणकर म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी किती जणांना स्टोअरच्या जाळीपलीकडे उभं करून उलटतपासणी केली असेल, त्यातल्या कितींनी "मी नाही घेतलं" म्हणून सांगितलं असेल, ते सगळे एकदम आठवले. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. जेवले नाहीत.

सकाळी त्यांनी रिक्षा केली, पण नवघरला नाही, थेट वरसाव्याला. लवू ओट्यावर बसला होता, दोन्ही हातांनी चहाचा कप धरून.

"मिस्त्री, चूक माझी आहे," नाचणकर एका दमात बोलले. "खूण म्हणून मीच पंच मारला. तुम्ही जेवायला गेला होता तेव्हा. हे बघा." त्यांनी डॉवेल पुढे केले.

लवूने ते डोळ्यांजवळ नेले, लांब नेले. "मना दिसत न्हाय," तो म्हणाला. "शिवानं धाडलं का तुमाला? की म्हातारा रडतंय, त्याची समजूत काढा?"

"नाही हो! खरं सांगतोय. देवाशप्पथ."

"रातच्याला घरी ठोकलं आसंल तुमी. दया आली म्हणून." लवूने कप खाली ठेवला. "रातभर मीबी हाच इचार केला, साहेब. दुसऱ्या कुनी ठोकलं आसंल. पन हात माजेच हायत. ह्यांचा भरवसा ऱ्हायला न्हाय मना."

आयुष्यभर नाचणकरांनी पुरावा मागितला होता, आणि आज हातात पुरावा असून समोरचा तो मानत नव्हता. त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

"एक सांगा," लवू म्हणाला. "गॅरेज तर वाटेवर हाय. शिवाला का न्हाय सांगितलंत?"

नाचणकरांनी मान खाली घातली. काय सांगणार? तिथे ग्रिलवाला आहे, पावभाजीवाला आहे, सोसायटीतला कोणीतरी असणार. इथे ओट्यावर कोणीच नव्हतं.

"लाज वाटली," ते शेवटी पुटपुटले.

लवूने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग त्याने डॉवेलवरून पुन्हा अंगठा फिरवला, सावकाश, जिथे काठ फुगला होता तिथे थांबून.

"आता पटलं," तो म्हणाला. "दया आलेला मानूस पयला शिवाकडं गेला आसता. मोठेपना मिळाला आसता त्याला." त्याने दोन्ही हात समोर धरले, तळवे खाली करून, आणि बघितलं. थोडे थरथरत होते, साठीच्या माणसाचे थरथरतात तेवढेच. "मी न्हाय ठोकलं," तो स्वतःशीच म्हणाला. "मी न्हाय."

तो आत जाऊन सदरा घालून आला. "चला."

"आत्ता नको, दुपारी जाऊ," नाचणकर घाईने म्हणाले. "तेव्हा गर्दी नसते."

"न्हाय. सांजच्याला, गर्दी आसंल तवाच."

संध्याकाळी सहाला दोघे नवघरला उतरले. गॅरेजात पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. शिवा नाचणकरांच्याच इंजिनावर वाकला होता. लवूला बघून तो अवघडला. नाचणकर शिवाच्या जवळ गेले आणि त्याच्या कानाशी लागून म्हणाले, "ते डॉवेल माझ्या हातून खराब झाले होते."

"काय म्हणालात काका?"

मागून लवूचा आवाज आला. "मोठ्यानं बोला साहेब. कालच्याला तुमचा आवाज रस्त्यापल्याड जात होता."

ग्रिलवाल्याने डोळ्यांवरची काच वर केली. नाचणकरांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग ते सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले आणि पुन्हा पहिल्यापासून बोलू लागले, मोठ्याने, आणि मग हिंदीतही.