कलेजीवरची चरबी

२०११ सालच्या दिवाळीला धनलक्ष्मी बंगळुरूच्या प्रयोगशाळेतून जनवाड्याला आली, ती नुसती उत्साहाने उकळतच. सांगायला इतकं होतं की चपला काढायचं भान नव्हतं. पण ओट्यावर तिच्या वडलांची, अप्पांचीच बैठक रंगली होती.

"कॅम्पात सोनोग्राफी केली. डाक्टर म्हनला, कलेजीवर चरबी हाय! आपल्या खानदानात कुनाला व्हती का?"

अप्पांची, म्हणजे काशाप्पांची, हयात मेंढरं पारखण्यात गेली. चरबी चढली की भाव चढतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. त्याच डॉक्टरांनी हृदय तपासून घ्यायला सांगितलं होतं, ते मात्र त्यांनी कानाआड केलं. चढावर दम लागतो, तर वय झालं म्हणे! प्रयोगशाळेत वर्षभर जिच्यामागे धनलक्ष्मी झपाटून लागली होती, ती कलेजीवरची चरबी घरातच निघाली.

"अप्पा, कलेजी नुसतं पचवायचं काम करत न्हाई. ती हार्मोन करती, रक्तात सोडती. ते दिलाला सांगतात, आता साखर जाळ, आता चरबी जाळ. रक्ताच्या नळ्यांना सांगतात, सैल व्हा. चरबी साठली की हे निरोपच बिघडतात!"

"पुस्तकं वाचून मला शिकवायलीस व्हय?" अप्पा हसले.

पालथ्या घड्यावर पाणी. पण ती कसली हार मानते! सकाळी उठून खाटकाकडे गेली आणि दोन कलेज्या निवडून आणल्या. एक काळपट लाल, दुसरी पिवळट, तुपकट. ताट अप्पांपुढे ठेवलं.

"दोन मेंढरं हायत, समजा. उदगीरच्या बाजाराला चालवत न्यायचीत. कंचं घ्याल?"

अप्पांनी दोन्हींवर अंगठा दाबून पाहिला. पारख करायची म्हटली की ते थट्टा विसरत.

"हे लाल. पिवळ्या कलेजीचं अंगानं भरलेलं दिसतंय, पर चालवलं की धापा टाकतंय. वाटंतच बसंल. ते खाटकाला द्यायचं."

बोलले, पण अंगठा पिवळ्या कलेजीवर तसाच राहिला.

"अन् माजी?"

धनलक्ष्मीने पिवळीकडेच बोट केलं.

"उतरती का गं चरबी?"

"उतरती, अप्पा! चालायचं, खाणं आवरायचं. पर आधी गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात दिल दाखवायचं."

अप्पा उठून उभेसुद्धा राहिले.

"मग बसलीस कामून? गुलबर्ग्याची गाडी जायलीय!"