पळीभर चीज

ए पूजा, आधी फक्त ऐक. फोन ठेव खाली. आणि मध्ये बोलू नकोस हां, मी लिंक विसरते.

रविवारी मी आणि मन्या, म्हणजे आमच्या काकांचा मनोज, महात्मानगरला गेलो होतो. ग्राउंडच्या बाजूला नवीन गाडा लागलाय, लोडेड फ्राइजचा. पहिलाच दिवस होता त्यांचा. झेंडूचं तोरण, बोर्डवर हार, लिंबू-मिरची, सगळं एकदम ताजं. मन्याने आदल्या दिवशी स्टेटसला कुणाचा तरी फोटो बघितला होता, तेव्हापासून माझं डोकं खात होता. शेवटी दुपारी एकला गेलो.

गाड्यावर दोघं नवरा-बायको. सोमनाथदादा आणि ललिताताई. मूळचे सुरगाण्याकडचे, पण बरीच वर्षं इकडेच. ती तळत होती आणि तो प्लेट बनवत होता. अगं, काय फ्राइज होते! बाहेरून असे कुरकुरीत की चावल्यावर आवाज यायचा. त्याच्यावर कांदा, त्या गोल तिखट मिरच्या, कोथिंबीर, आणि सगळ्यात वर चीज. बाटलीतलं नाही हां, घरी केलेलं. दूध, चीज, थोडं लाल तिखट, मोठ्या स्टीलच्या पातेल्यात गरम ठेवलेलं. आणि तो ते वाढत होता लांब दांड्याच्या पळीने. मिसळीच्या हॉटेलात असते ना, बादलीतून रस्सा वाढायची, तीच पळी.

आता ती पळी बघितली आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं. खरंच, मी विचारसुद्धा नाही केला. माझे अर्धे फ्राइज उरलेले, वरचं चीज संपलेलं. मी प्लेट पुढे केली आणि म्हटलं, "दादा, वाढा ना थोडं."

मिसळीला कसं आपण नुसती वाटी पुढे करतो आणि रस्सा येतो, कोण पैसे विचारतं? तसंच. आणि त्यानेही लगेच पळी बुडवली आणि वाढलं. "घ्या ना ताई, घ्या," म्हणाला. वर विचारतो, "अजून वाढू का?"

झालं. माझ्या शेजारी एक काका होते, त्यांनी प्लेट पुढे केली. मग त्यांच्या मिसेसने. मग मागच्या चार पोरांनी. मन्याने तर तीनदा घेतलं, निर्लज्ज. एक काकू म्हणाल्या, "पाव नाही का हो तुमच्याकडे?" चीज पावाशी खायचं होतं त्यांना! आणि दादा प्रत्येकाला हसत हसत वाढतोय. ललिताताई मागून म्हणतेय, "अवो, पळी ठेवा खाली," "अवो, ऐकताय का," पण त्याचा हात थांबेचना. प्लेट कोरडी दिसली की हात जायचाच.

पावणेदोनला ती पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "तळ दिसला."

एवढंच. ओरडली पण नाही गं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दादाने पातेलं वाकडं करून बघितलं. मग घड्याळात बघितलं आणि तिथंच स्टुलावर बसला. "अडीचला शेठ येणारेत," म्हणाला.

मी म्हटलं, "कोण शेठ?"

मग कळलं. खंडेराव शेठ. दादा त्यांच्या मिसळीच्या हॉटेलात अकरा वर्षं वाढपी होता. आता स्वतःचा गाडा टाकायचा म्हणून सोडलं. तर शेठ त्याला म्हणाले होते, "सोम्या, तळायला तुझी बायको हुशार आहे, चव तुझ्या हाताला आहे. पण तुला नाही म्हणता येत नाही. तू धंदा कसा करणार? पहिल्या दिवशी मी येतो. माझी प्लेट ठेव. खातो, बघतो आणि सांगतो. नाही जमत असं वाटलं तर सोमवारी गपचूप कामावर यायचं."

"आणि तुम्ही हो म्हणालात?" मन्याने विचारलं.

"म्हणालो," दादा म्हणाला. "शेठना नाही कसं म्हणणार?"

ललिताताईने कपाळाला हात लावला. "हे असं आहे बघा," ती मला म्हणाली. "अकरा वर्षं मी म्हणतेय, आपलं काहीतरी करू. आता कुठं केलं. आणि हे उद्या परत बादली घेऊन फिरणार."

पूजा, मला इतकं कसंतरी झालं ना. म्हणजे सुरुवात मी केली होती! मी ते "वाढा ना" म्हटलं नसतं तर बाकीच्यांना सुचलं पण नसतं. मी म्हटलं, समोरच्या दुकानातून चीज आणते. तर ताई म्हणाली, आणाल हो, पण शिजायला पाऊण तास लागतो, घाईत केलं की गुठळ्या होतात.

तेवढ्यात मन्या, आपला मन्या, कधी नव्हे ते कामाचं बोलला. तोही चेष्टेत. "आता रस्साच ओता याच्यावर," म्हणाला.

दादा पातेलं घासायला नळावर गेला होता. पण ललिताताईने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. तिने गाड्याखालून स्टीलचा कॅन काढला, दुधाचा असतो तसा, माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "मखमलाबाद नाक्याच्या पुढे हिरव्या पत्र्याचं मिसळीचं दुकान आहे. तिथलाच आणा. दुसरा कुठला यांना चालत नाही."

मी स्कार्फ बांधला, स्कूटी काढली आणि सुटले. रविवार दुपार, गंगापूर रोड नेहमीसारखाच भरलेला. पोहोचले तर तिथं गर्दी ओसरत आलेली. गल्ल्यावर एक काका, पांढरा शर्ट, पांढऱ्या मिश्या, कपाळाला अष्टगंध. मी म्हटलं, "काका, रस्सा द्या. कॅन भरून."

"नुसता रस्सा? मिसळ नको?"

"नको. म्हणजे, पाहुणे आलेत घरी."

"पाहुणे नुसता रस्सा खातात?"

स्कार्फ होता म्हणून वाचले. काकांनी कॅन घेतला, उलटा केला, बुडाकडे बघितलं. मला वाटलं स्वच्छ आहे का बघतायत. मग स्वतः उठून आत गेले आणि भरून आणला. वर तर्री इतकी की कॅनचं तोंड लालभडक. पैसे घेतले आणि न मागता कांदा-लिंबूची पुडी वेगळी बांधून दिली. वर म्हणाले, "सावकाश जा. सांडू नकोस."

परत आले तर सव्वादोन होऊन गेलेले. दादाने झाकण उघडलं, वास घेतला आणि त्याचा चेहराच बदलला. "हा आपला रस्सा आहे."

"मग काय दुसऱ्याचा आणायला सांगू?" ललिताताई म्हणाली.

"अगं, शेठचा रस्सा शेठलाच वाढू?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

म्हणजे तेच गं! ती मिसळ त्याच शेठची होती! ताईने मला सांगितलंच नव्हतं. "सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता का?" म्हणाली. आणि मग मला आठवलं, गल्ल्यावरचे ते काका. पांढऱ्या मिश्या. मी मन्याला म्हटलं, मन्या, मी मेले.

अडीचला बरोब्बर एक जुनी स्कूटर येऊन थांबली. तेच! तोच पांढरा शर्ट, तेच अष्टगंध. मी स्कार्फ परत वर ओढला, नाकापर्यंत, आणि मन्याच्या मागे उभी राहिले. मन्या म्हणतो, "ताई, तू दरोडा टाकल्यासारखी दिसतेयस."

शेठ गाड्याजवळ आले. बोर्ड वाचला. हार सरळ केला. तेल बघितलं. ललिताताईने एवढ्यात फ्राइज दुसऱ्यांदा तळून काढले होते, कडक. दादाने प्लेटमध्ये घेतले, कांदा टाकला, कोथिंबीर, लिंबू पिळलं आणि रस्सा वरून नाही ओतला, कडेने सोडला. प्लेटची कड दोनदा पुसली त्याने. अकरा वर्षं त्याच माणसासमोर वाढलंय, तरी.

शेठने एक फ्राय रश्शात बुडवून खाल्ला. मग दुसरा. मग बोटांनीच, भराभरा. आम्ही सगळे नुसते बघतोय. मागे एक जोडपं आलं होतं, त्यांनी दोन प्लेट सांगितल्या.

शेठने प्लेट पुढे केली. "वाढ."

दादाने वाढलं. शेठने तेही संपवलं. मग तोंड पुसत म्हणाले, "बोर्डवर तर चीज लिहिलंय. हा रस्सा कुठला?"

मन्या लगेच म्हणाला, "घरचा आहे, काका." असला राग आला ना मला त्याचा. कारण दादा मान हलवणार होता, मला दिसलं. त्याला कुणालाच नाही म्हणता येत नाही ना, मन्याला पण म्हणता आलं नसतं. आणि मग तो खोटा पडला असता, ते पण माझ्यामुळे.

मी स्कार्फ खाली केला. म्हटलं, "काका, तुमचाच आहे. मघाशी मीच नेला. आणि यांचं चीज पण माझ्यामुळेच संपलं. मी अजून मागितलं, मग सगळ्यांनी मागितलं."

शेठने माझ्याकडे बघितलं. हसले नाहीत, पण मिशी हलली. "मला ठाऊक आहे," म्हणाले. "कॅनच्या बुडाला माझ्या आईचं नाव आहे. चंद्रभागा. सोम्या गाड्यासाठी मागून घेऊन गेला होता. पाहुणे म्हणे!"

ललिताताईने तोंडाला पदर लावला. तिच्या लक्षातच नव्हतं गं! घाईत हातात आला तो कॅन दिला तिने.

मग शेठ दादाला म्हणाले, अगदी शांतपणे, "सोम्या, माझ्याकडे तू दिवसभर वाढलंस, मी एकदा तरी अडवलं का? नाही अडवलं. कारण रश्शात पाणी वाढवता येतं. दुपारी एक तांब्या, परत उकळी, परत मसाला. चीजमध्ये काय वाढवशील?"

दादा खाली बघत होता. "काही नाही वाढवता येत."

"हं," शेठ म्हणाले. आणि परत प्लेट पुढे केली. "वाढ."

सगळ्यांनी कॅनमध्ये बघितलं. मीही बघितलं. तळाला रस्सा उरलेला, दोन प्लेटपुरता. मागे ते जोडपं उभं. दादाने पळी उचलली. कॅनमध्ये घातली. भरली. वर आणली. शेठच्या प्लेटच्या वर पळी, आणि ती तिथं थांबली. ललिताताईच्या कढईतला झारा पण थांबला.

"नाही, शेठ," दादा म्हणाला. आवाज इतका बारीक की मागच्यांना ऐकूच नसेल आला. "हे त्यांचं आहे."

आणि पळी त्या जोडप्याच्या प्लेटकडे वळवली.

शेठने ती पळी वळताना बघितली. मग रिकामी प्लेट डब्यात टाकली, ड्रममधलं पाणी घेऊन हात धुतले, रुमालाला पुसले, स्कूटरला किक मारली. आणि निघताना म्हणाले, "सोमवारी येऊ नकोस. बादलीला मी दुसरा माणूस बघतो." थोडं पुढे गेले आणि थांबून ओरडले, "कॅन तेवढा आणून दे!"

ललिताताई कढईसमोरच रडायला लागली, हसता हसता. दादा म्हणत होता, "तेलात पाणी पडेल, अगं, तेलात पाणी पडेल."

तर हे झालं रविवारी. आता थांब, अजून आहे.

आज परत गेलो आम्ही. सगळं व्यवस्थित. पातेलं काठोकाठ, बोर्डवर खडूने लिहिलंय, एका प्लेटला एक पळी. आणि खाली दुसरी ओळ, रस्सा फ्राइज, फक्त रविवारी. एक मुलगा अजून मागत होता तर दादा म्हणाला, "नाही हो, एकच असते." लाजत म्हणाला, पण म्हणाला. ललिताताई मागून बघत होती, जसं काही त्याने मॅट्रिकचा पेपर दिलाय.

मी माझी प्लेट घेतली, कडेला उभी राहिले. तुला माहितीये मी कशी खाते, आधी सगळं चीज खाऊन टाकते. तर अर्धे फ्राइज उरले, कोरडे ठणठणीत. मी काहीच बोलले नाही हां! शपथ. प्लेट पण पुढे नाही केली. नुसती बघत होते प्लेटकडे.

आणि दादाचं लक्ष गेलं. गर्दी नव्हती, ललिताताई पाठ करून बटाटे सोलत होती. तो हळूच जवळ आला, पळी भरलेली, चीज दांड्यावरून ओघळतंय, आणि एकदम हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुम्हाला तरी वाढू का अजून थोडं?"

मन्या मला कोपराने ढोसतोय. पळी माझ्या प्लेटच्या वर. वास येतोय. तिकडे ताईची पाठ.

खरं सांग पूजा, तू काय केलं असतंस?