फळा पुसण्याआधी

मी गठ्ठा बोलतोय. नुसतं गठ्ठा म्हटलं की लोकांना रद्दी वाटते, म्हणून आधीच सांगून टाकतो: मी नोट्सचा गठ्ठा आहे. दहावीच्या सगळ्या विषयांचा. गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल, भाषा, सगळं माझ्या पोटात आहे, आणि ते ओळीने लावलेलं नाही. नदीच्या खोऱ्याला लागून वर्गसमीकरण आहे. पेशीच्या आकृतीखाली तहाच्या अटी आहेत. ज्याला हे गबाळं वाटतं त्याने मला हात लावू नये. माझं काही अडत नाही.

मला पुठ्ठा नाही, रेघा नाहीत, वरती नाव घालायची चौकट नाही. एका शिकवणीच्या क्लासात चाचणीच्या जुन्या प्रश्नपत्रिका उरायच्या. एका बाजूने छापलेल्या, दुसरी बाजू कोरी. मॅनेजर त्या फेकायला काढायचा आणि मावशी त्या उचलून ठेवायच्या. त्या कोऱ्या बाजूंवर मी लिहिला गेलो. दाभणाने दोन भोकं पाडून त्यातून लेकीच्या जुन्या बुटांची नाडी ओवली, आणि झाला माझा जन्म.

मावशी म्हणजे क्लासच्या मावशी. झाडणं, पाणी भरणं, झेरॉक्स काढणं, चहा देणं आणि दर तासाला फळा पुसणं हे त्यांचं काम. क्लासात एकच मोठी खोली आणि एकच लांब फळा, त्यामुळे सगळे विषय त्याच फळ्यावर यायचे. वीस वर्षं त्यांनी तो पुसला. किती शहाणपण त्या डस्टरने झटकलं असेल याचा हिशेब कोणी ठेवला नाही, त्यांनीही नाही.

मग एकदा मॅनेजर कामाच्या माणसांचे फॉर्म भरत बसला होता. मावशींना नाव विचारलं, पत्ता विचारला, आणि शिक्षणाच्या रकान्यात काही न विचारताच 'नाही' लिहून मोकळा झाला. मावशी समोर उभ्या होत्या. आठवी पास झालेल्या. नववीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली, एवढीच काय ती कहाणी.  त्या वर खोलीत आल्या, डस्टर उचललं, आणि पुसण्याआधी पहिल्यांदा फळा वरपासून खालपर्यंत वाचला. मग कागद शोधला. ते माझं पहिलं पान.

दोन बॅचच्या मधे दहा मिनिटं असायची. त्यातली सात मावशी उतरवून घ्यायच्या आणि तिनात खोली झाडून फळा लख्ख करायच्या. सुरुवातीला काय घ्यावं आणि काय सोडावं कळत नव्हतं, म्हणून जे दिसेल ते घेतलं. माझ्या पहिल्या पानांवर 'उद्या कंपास आणणे' आहे, 'शेवटचा बाक गप्प' आहे, आणि कोपऱ्यातली तारीख-वार तर प्रत्येक पानावर आहे. हसायचं असेल तर हसा. पुढे ती तारीखच कामाला आली.

माझी उणीव मी लपवत नाही. शिकवताना मास्तर जे बोलायचे ते माझ्यात नाही. दार बंद असायचं आणि मावशी खाली ऑफिसात असायच्या. फळ्यावर उरायचं तेवढंच माझ्या वाट्याला यायचं, म्हणजे धड्याचा सांगाडा. मांस मावशींनी स्वतः चढवलं. दुपारी एक ते तीन क्लास रिकामा असायचा. त्या पहिल्या बाकावर बसायच्या, मला उलगडायच्या आणि क्लासातलं एक फाटकं पाठ्यपुस्तक शेजारी ठेवून गाळलेल्या जागा भरायच्या. एकच ओळ सात-सात वेळा वाचायच्या. कंटाळा मला यायचा, त्यांना नाही.

दोन वर्षांत मी वीतभर जाड झालो. त्यांनी बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म भरला. घरी फक्त लेकीला सांगितलं. लेक औषधशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला, डोक्याने तल्लख आणि आईच्या काळजीने सदा वैतागलेली. ती म्हणाली, बस की, तुला कोण अडवतंय. पण तिच्या आवाजात धाकधूक होती, ती मला कळली.

आणि मग गणिताने घात केला.

गणिताच्या सरांचं एक वाक्य माझ्यात शंभर वेळा तरी आहे: ताळा करून पाहा. मावशी इमानदारीने ताळा करायच्या. आलेलं उत्तर परत समीकरणात घालायचं आणि दोन्ही बाजू जुळतात का ते बघायचं. परीक्षेला तीन आठवडे उरले असताना त्या माझ्यातलं एकेक गणित असं तपासायला बसल्या, आणि एक जुळेना. मग दुसरं जुळेना. करता करता चौदा गणितं निघाली. मावशींचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, घाईत आपणच चुकीचं उतरवलं.

घरी लेकीने मला पुढ्यात ओढलं आणि भराभरा पानं उलटली. कुठे वजाचं अधिक झालेलं, कुठे कंसाच्या वर्गातलं मधलं पद गायब. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"आई, तू लिहून घेतानाच गडबड केलीस. गणितात एवढ्या चुका, मग बाकीच्या विषयांत काय असेल? यंदा राहू दे. तिथे जाऊन रडून येशील, ते मला बघवणार नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चुकीचा? फळ्यावर जे होतं तेच माझ्यात आहे, काना-मात्रेसकट! पण कागदाचं ऐकतो कोण. मावशींनी लेकीशी वाद घातला नाही. मला उचललं आणि दारामागच्या रद्दीच्या ढिगावर ठेवलं, जुन्या वर्तमानपत्रांच्या बरोबरीने. मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं सांगू? ठेवताना त्यांनी नाडीची गाठ सोडून घेतली. नाडी चांगली होती, ती कामाला आली असती. मी नाही.

चार दिवस मी तिथे पडून होतो. वर्तमानपत्रं शेजारी मिजास करत होती, त्यांच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी, शनिवारी, क्लासात जे झालं ते मला मागून कळलं. झेरॉक्सचं मशीन बिघडलं म्हणून मावशी नेहमीपेक्षा लवकर वर आल्या आणि डस्टर घेऊन दाराशी थांबल्या. दार किलकिलं होतं. सरांनी फळ्यावर एक गणित सोडवलं आणि खडू खाली ठेवून पोरांना विचारलं, सांगा, मी कुठे चुकलो? पोरांनी डोकी खाजवली. शेवटी एक मुलगी म्हणाली, तिसऱ्या ओळीत, सर, चिन्ह बदललं नाही. सर म्हणाले शाब्बास, बसा, पुढच्या शनिवारी नवीन. घंटा झाली. सगळे निघून गेले. आणि चुकीची तिसरी ओळ फळ्यावर जशीच्या तशी राहिली, कारण जे तोंडी दुरुस्त झालं ते पुन्हा लिहायची सरांना गरज नव्हती.

मावशींनी त्या दिवशी फळा पुसला आणि तडक घर गाठलं. मला रद्दीतून ओढून काढलं, जमिनीवर पसरलं आणि चौदाच्या चौदा पानांचे कोपरे पाहिले. शनिवार. शनिवार. शनिवार. एकही दुसरा वार नाही. त्या मांडी घालून बसल्या आणि एकट्याच हसायला लागल्या. मग नाडी आणून परत माझ्यात ओवली. गाठ अशी करकचून मारली की माझा श्वास कोंडला, पण मी हूं की चूं केलं नाही.

चौदाही गणितांतली चुकलेली ओळ शोधून त्यांनी बाजूला दुरुस्त केली, पण त्या तिथे थांबल्या नाहीत. आता संशय घ्यायची सवयच लागली. ज्या पानांना ताळा करता येत नव्हता तीही त्यांनी दुसऱ्या पानांशी लावून पाहिली. त्यात शंकूच्या घनफळाचं एक गणित निघालं. उत्तर छान सुटसुटीत होतं, कोणालाही पटेल असं. पण माझ्यात सत्तर पानं मागे विज्ञानाच्या बाईंनी काढलेली एक आकृती होती: एक नळकांडं आणि त्यात ओतलेले तीन शंकू. तीन शंकू ओतले की नळकांडं भरतं, म्हणजे शंकूत त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच मावणार. गणितात तो तिसरा हिस्सा गाळलेला होता. गबाळं म्हणत होता ना मला? एकाच गठ्ठ्यात सगळे विषय कोंबले नसते तर ही चूक कोणाच्या बापाला सापडली नसती.

सोमवारी मावशी मला बगलेत मारून सरांच्या टेबलापाशी गेल्या. सरांनी आधी चहा आला असं समजून हात पुढे केला, त्या हातात मी आलो. त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली आणि मग हळूहळू चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ही गणितं तुम्ही सोडवलीत?"

"सोडवलीत तुम्ही, सर. मी दुरुस्त केली."

हे ऐकलं तेव्हा मला नाडी तुटेल इतकं फुगल्यासारखं झालं. सर मोजत गेले. चौदा झाल्यावर म्हणाले, कमाल आहे, बाकांवरच्या पोरांना यातल्या निम्म्याही सापडत नाहीत. मग पंधरावं पान आलं. शंकूचं. सरांनी ते वाचलं, परत वाचलं, कोपऱ्यातला वार पाहिला. मंगळवार होता.

"ही चूक मी मुद्दाम केली नव्हती, मावशी."

"मला वाटलंच," मावशी म्हणाल्या. "म्हणून शेवटी ठेवली."

सरांनी ते गणित वहीत उतरवून घेतलं. माणूस सरळ, हे कबूल करायला हवं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅचसमोर ते गणित नव्याने मांडलं, चूक आपली होती आणि ती मावशींनी पकडली असं सगळ्यांना सांगितलं, आणि फळ्यावर चौकट करून लिहिलं: 'पुसू नये'. मावशी दहा मिनिटांच्या सुट्टीत आल्या. त्यांनी ते सगळं माझ्यात उतरवून घेतलं, चौकटीसकट. आणि मग डस्टर उचलून पुसून टाकलं. पोरं हां हां करत धावली. मावशी म्हणाल्या, पुढच्या बॅचला फळा नको का?

त्या परीक्षेला बसल्या. लेक केंद्रापर्यंत सोडायला गेली होती, आणि वाटेत तिने मला स्वतःच्या हातात धरलं होतं. माफी तिने माझी मागितली नाही, आईची मागितली. मी तेवढ्यावर समजून घेतलं. निकाल लागला: इतिहासात काठावर, गणितात शंभरातले अठ्ठ्याहत्तर. मावशींनी मॅनेजरकडे जुना फॉर्म मागितला, त्याच्या हातातलं पेन घेतलं, 'नाही'वर आडवी रेघ मारली आणि वरती 'दहावी पास' लिहिलं. तारीख-वारसुद्धा घातला. सवय.

आता मी क्लासातल्या झाडूच्या कपाटात वरच्या फळीवर असतो. माझ्यात जागा उरलेली नाही, शेवटच्या प्रश्नपत्रिकेच्या समासातही लिहून झालंय. लेकीने मध्यंतरी म्हटलं, हे सगळं विषयवार लावून स्वच्छ लिहून काढू या. खबरदार. मला सुवाच्य करायचं नाही, माझी चौदा चुकीची गणितं काढून टाकायची नाहीत आणि पंधराव्यावर पांढरी शाई तर मुळीच लावायची नाही. उद्या मला रद्दीत घातलं तरी चालेल, मी ती हवा खाऊन आलोय. पण मला चुकीचा म्हणायचं नाही.

कपाटाच्या दाराला फट आहे. शनिवारी मला त्यातून फळा दिसतो. पोरं गेली की मावशी येतात. आता त्या काही उतरवून घेत नाहीत. खडू उचलतात, तिसरी असो की पाचवी, चुकलेली ओळ शोधून दुरुस्त करतात, दोन पावलं मागे सरून उत्तराचा ताळा मनातल्या मनात करतात. कोणी बघत नसतं. मग त्या फळा पुसतात.