फाइलीची समाधी

− योगीराजकाका अत्यंत मनमिळाऊ होते.
+ योगीराजकाकांनी कोणाचंही काम एका फटक्यात मंजूर केलं नाही.

वजा म्हणजे खोडलेलं, अधिक म्हणजे त्या जागी लिहिलेलं. प्रोग्राम लिहिणारे अशीच खाडाखोड करतात. ईश्वरीला श्रद्धांजलीही तशीच सुचत होती.

काका सेलूच्या एका शाळेत लिपिक. दिवसा दाखले, संध्याकाळी जग. जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून दिनदर्शिकेचा एक फुकट प्रोग्राम चालवला होता, त्यातली तिथी काढायची फाइल काकांची. ईश्वरी त्यांची पुतणी आणि चेली. तिने याच फाइलीतली एक चूक तीनदा दुरुस्त करून पाठवली. दोनदा परत आली. दुसऱ्यांदाचा शेरा होता, "भाकरी थापायला आधी पीठ लागतं." तिसरीला उत्तर यायच्या आत, गेल्या ज्येष्ठात वद्य पंचमीला, काका स्कूटर पुसता पुसता गेले.

जगाने फार मनाला लावून घेतलं. ब्राझीलची एक बाई रडली. फिनलंडच्या एकाने मेणबत्तीचं चित्र टाकलं. (काकांनी ज्याला 'तुझ्यापेक्षा आमच्या गिरणीचा पट्टा हुशार' असं कळवलं होतं, तोच.) नवी आवृत्ती काकांच्या नावाने निघाली. आणि एकमताने ठरलं की काकांच्या फाइलीला यापुढे कोणी हात लावायचा नाही.

− ती त्यांची समाधी.
+ ती त्यांची समाधी, चुकीसकट.

यंदा ज्येष्ठ दोन. आधी अधिक, मग निज. पहिलं वर्षश्राद्ध अधिकातच करायचं, कारण बारा महिने तिथेच भरतात. काकांची फाइल मात्र अधिक महिना ओलांडून थेट निज दाखवायची. ईश्वरीची दुरुस्ती नेमकी याच चुकीची. म्हणजे काकांचं पान महिनाभर उशिरा वाढलं जाणार, आणि तेही काकांच्याच कृपेने.

तिने जगाला कळवलं. जगाने पाच लाल बदामांच्या चित्रांसह नकार दिला, अगदी हळुवार. हळुवार नकाराची तिला सवय नव्हती.

शेवटी ती काकूंकडे गेली. धुरपताबाई तूर निवडत होत्या. सगळं ऐकून त्या उठल्या आणि फळीवरच्या डब्याखालून एक चिठ्ठी काढली. काकांचा पासवर्ड.

"घे. त्यांच्या नावानं करून टाक मंजूर. जित्तेपणी देणं झालं न्हाई, आता तरी देऊ दे की त्यांना."

काकांचा तो एक शब्द मिळावा म्हणून ईश्वरीने तीन वर्षं डोळे फोडले होते. आता तो एका बटणावर आला होता. काकांच्याच खुर्चीत बसून ती काकांच्या नावाने आत शिरली.

तिच्या तिसऱ्या दुरुस्तीखाली एक शेरा पडून होता. लिहिलेला, पाठवायचा राहिलेला. तारीख जाण्याच्या आदल्या दिवसाची.

"ओळ ४१२. पीठ बरं हाय. पाणी जास्त झालं. अधिक महिन्यात मेलेल्याचं काय?"

तिने ओळ तपासली. अधिकात गेलेल्या माणसाला तिची दुरुस्ती पुढच्या वर्षी तिथीच देत नव्हती. तो बिचारा कायमचा उपाशी.

बोट 'मंजूर'वरच होतं. ते तिने उचललं.

− ईश्वरीने काकांच्या नावाने मंजुरी दिली.
+ ईश्वरीने काकांचा शेरा होता तसा पाठवला.

मेलेल्या माणसाचं टपाल जगभर पोचलं. मराठी कोणाला येते? जगाने यंत्राकडून अर्थ काढून घेतला: पीठ, पाणी, मरण. ईश्वरीने खुलासा केला, पासवर्डाची चोरी कबूल केली, ओळ ४१२ सुधारली आणि स्वतःच्या नावाने चौथ्यांदा पाठवली. फिनलंडवाल्याने ती सावकाश वाचली. मग मेणबत्ती काढून टाकली आणि समाधी उघडली. ब्राझीलच्या बाईने मंजूर म्हटलं.

ईश्वरी बरोबर तिथी सांगायला धावली. काकूंनी सुपातून मान वर केली नाही.

"मला ठाव हाय. गुरुजींना शिमग्यातच इचारलं म्या. तुझ्या काकाच्या मशिनीवर कवा इसंबले व्हते मी?"

ईश्वरी उंबऱ्यावरच बसली. काकूंनी एक खडा वेचून बाहेर फेकला.

"ते मंजूर म्हनले का मग?"

"नाही. चूक काढली."

"मंग खरंच त्येच," काकू म्हणाल्या, आणि पहिल्यांदा डोळ्याला पदर लावला.