काळ्या मुळ्याचा रस

तिहोमिरला मुतखडा झाला. वाल्येवो शहरातल्या डॉक्टरांनी भरपूर पाणी प्या आणि वाट बघा म्हणून सांगितलं. नुसती वाटच बघायची तर त्यासाठी डॉक्टर कशाला, असं त्याची बायको देसांका हिचं मत पडलं. तिला उपाय ठाऊक होता. काळा मुळा कोरायचा, आत मध भरायचा, रात्रभर सुटलेला रस सकाळी अनशापोटी घ्यायचा. पण त्या हिवाळ्यात गावात मुळे उरले होते ते एकाच तळघरात, वाळूत पुरलेले, आणि ते तळघर वेलिमिरचं. वेलिमिर म्हणजे तिहोमिरचा सख्खा थोरला भाऊ. कुंपणावरच्या आलुबुखाराच्या झाडापायी दोघांचा सात वर्षं अबोला होता.

मरेन पण त्याचा मुळा तोंडात घालणार नाही, असं तिहोमिर म्हणाला. तेवढ्यात कळ आली. मग म्हणाला, विचारून तर बघ. अडला हरी, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेलिमिर स्वतःच कोरलेला मुळा घेऊन दारात उभा राहिला. धाकटा भाऊ रस ओतून देईल याची त्याला खात्री होती, म्हणून शेवटचा थेंब पोटात जाईपर्यंत तो हलला नाही. बोलला मात्र काही नाही. तिसऱ्या दिवशी "तोंड वाकडं करू नकोस" एवढं म्हणाला. पाचव्या दिवशी झाडावरून दोघं मनसोक्त भांडले आणि मग कॉफी प्यायले.

आठव्या दिवशी खडा पडला. तिहोमिरला रडू आलं. उद्यापासून भाऊ कशाला येईल? कुणाला सांगायचं नाही, असा त्यानं देसांकाला दम भरला आणि रोज सकाळी कण्हत बसू लागला. घरभर मुळ्याचे ढेकर.

तेविसाव्या दिवशी वेलिमिर हात हलवत आला.

"मुळे संपले," तो म्हणाला.

तिहोमिरचं कण्हायचंही राहून गेलं.

"आणि खडा पडल्याचं देसांकानं मला त्याच दिवशी सांगितलंय."

"मग पंधरा दिवस मुळे कशाला आणलेस, दादा?"

वेलिमिर खुर्ची ओढून बसला. त्यानं कमरेवर हात ठेवला आणि तोंड शक्य तितकं दुखरं केलं.

"मला इथं दुखतंय. उद्यापासून तू यायचं."

"पण मुळे तर संपले ना?"

"मग तसाच ये."